आहेराच्या ताटांची मोटर

किन्हीराजाच्या शिवारात इंद्रभानची विहीर खाली नाल्याच्या काठाला होती आणि बरड, म्हणजे त्याचं मुरमाड रान, वर टेकाडावर होतं. विहिरीला पाणी इतकं, की भर उन्हाळ्यात बेडकांनी तक्रार करावी, जरा पाय टेकायला तरी जागा ठेवा. बरडावर मात्र असा ठणठणाट, की तिथला सरडा सावली हवी म्हणून स्वतःचीच शेपटी डोक्यावर धरून बसे. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांनी विश्वास ठेवू नये. ज्यांनी पाहिलं त्यांनाही अजून ठेवता आलेला नाही.

अशा त्या बरडावर इंद्रभानच्या बायकोनं, विजयमालानं, संत्र्याची कलमं लावली. वरुडकडच्या रोपवाटिकेतून तिनं ती एसटीनं आणली, मांडीवर घेऊन, लेकरू माहेराहून आणावं तशी. गावानं विचारलं, बरडावर संत्रा? तिनं उत्तर दिलं नाही, कारण उत्तर इंद्रभाननं आधीच देऊन ठेवलं होतं. खड्डे खणायच्या दिवशी तो छाती काढून म्हणाला होता, "तू लाव. पानी पोचवनं माह्याकडं."

आणि पाणी पोचेना. विहिरीतली कंपनीची मोटर पाणी उचलायची, चढावर ढकलायची आणि अर्ध्या वाटेवरच्या मोहाच्या झाडाखाली येऊन दम टाकायची. वर बरडावर पाइपाच्या तोंडून नुसती हवा यायची, तीही गरम. विजयमाला रोज सकाळी मोहापर्यंत आलेलं पाणी गुंडात, म्हणजे घागरीत, भरून डोक्यावर वर न्यायची आणि एकेका कलमाला ओंजळीनं पाजायची. पानं कडेनं पिवळी पडायला लागली तेव्हा तिनं एक दिवस गुंड खाली ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आइका. हे झाडं वाळले तर मी तुमच्या वावरात पुन्हा पाय नाई ठेवनार. पेरनी नाई, निंदन नाई, वेचनी नाई. घरी बसीन अन् टीव्ही पाहीन."

 इंद्रभानच्या वावरात जे काही उगवत होतं ते तिच्या हातानं उगवत होतं. एका साली तिला ताप आला म्हणून त्यानं एकट्यानं सोयाबीन पेरलं होतं, तर पेरणीच्या तासातासांत फक्त गाजरगवत उगवलं, आणि तेही असं शिस्तीत, की कृषी सहायक फोटो काढून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तो जीपनं रिसोडला गेला. तिथं धान्याच्या बाजारामागं प्रसेनजितचं लेथचं दुकान होतं. प्रसेनजित डिप्लोमा झालेला, मोटरींचा नादी माणूस. पुण्याची नोकरी त्यानं यासाठी सोडली, की तिथं त्याला रोज एकच भाग बनवायला लावत आणि मोटरीचं पुढं काय झालं ते कोणी सांगत नसे.

इंद्रभाननं त्याला मोहाच्या झाडाची सारी कहाणी सांगितली. प्रसेनजितनं टेबलावरचा चहाचा कप हातात घेऊन गरागरा फिरवला. चहा कडेनं उडून इंद्रभानच्या शर्टावर आला.

"पाह्यलं? इंपेलर हेच करते. गोल चकती. मधातून पानी घेते अन् फिरून कडेले फेकते. फेकलेलं पानी वाया जाऊ नाई म्हनून भवताल वाटी असते. ते वाटी त्याचं तोंड वरच्या चकतीकडं वळवते. वरची पुन्हा फेकते. एक चकती म्हंजे एक स्टेज."

"शर्ट नवा होता."

"तुमची मोटर मोहापर्यंत येते ना? मंग जेवढ्या स्टेजा आहेत, तेवढ्याच अजून वर लावा. बरडावर पोचते."

"मंग दे ना लावून."

"कंपनी एवढी लांब बनवत नाई. अन् ह्या बारक्या पत्र्याच्या चकत्या रेतीनं झिजून जातात. जाड स्टील पाह्यजे. आधीच्या काळचं. गुळगुळीत, का त्याच्यावरून पान्याचा पाय घसरला पाह्यजे."

आधीच्या काळचं जाड स्टील म्हटल्याबरोबर इंद्रभानच्या डोळ्यांसमोर माळ्यावरची लोखंडी पेटी आली. त्याच्या लग्नात आहेरात ताटं आली होती. त्या काळी ताट द्यायचं तर असं द्यायचे, की नवरदेवाच्या पायावर पडलं असतं तर तिथी पुढं ढकलावी लागली असती. एकाही ताटात आजवर कोणी जेवलं नव्हतं. पाहुणे आले की काढू म्हणून ठेवलेली, आणि पाहुणे आले की एवढी जड कोण काढते म्हणून राहिलेली.

विजयमालानं ऐकून घेतलं. पेटीची किल्ली कमरेची काढून पुढं केली. मग पुन्हा हातात धरून ठेवली.

"न्या. पन नावं खोडू नका."

ताटांवर टिंबाटिंबांनी नावं टाकलेली होती, अमक्याकडून विजयमालास सप्रेम भेट.

"मोटरीत कोन वाचते नावं?"

"मी वाचतो. उद्या त्याइच्या घरी लगन निघालं तर जेवढं आलं तेवढं परत करा लागते. नाव गेलं तर कोनाचं काय आलं हे कोन सांगन? तुमी?"

लग्नात कोण आलं होतं हेसुद्धा इंद्रभानला धड आठवत नव्हतं. त्यानं मान हलवली आणि पोतं भरून ताटं रिसोडला नेली.

प्रसेनजितनं मन लावून काम केलं, त्यात खोट काढायची नाही. ताटं मापात कापली, मधोमध भोक पाडलं, भोवती पाती बसवली, तीही सरळ नाही तर फिरण्याच्या उलट अंगाला वाकवलेली, म्हणजे पाणी आपटत नाही, ओघळत जातं. ताटातला नावाचा तुकडा तेवढा चपटा राखला. शाफ्टाला रबराचे बुश घातले, जे पाण्यानंच ओले राहतात आणि रेती स्वतःत मुरवून घेतात. पाणी आत येतं तिथं जाळी हवी होती, तर विजयमालाची पुरणाची चाळणी लावली. खाली मोटर, तिच्यावर चाळणी आणि चाळणीवर एकावर एक सारे नातेवाईक. नाही, चकत्या. त्या वेळी अजून त्या चकत्याच होत्या.

मोटर झाली ती इतकी लांब, की जीपवर बांधून आणताना जीप मालेगावला चहाला थांबली तेव्हा मोटरीचं मागचं टोक अजून रिसोडच्या बसस्टँडवर होतं आणि तिथला हमाल त्याला ओलांडायचं की वाकायचं, या विचारात उभा होता.

किन्हीराजाच्या शिवारात एक रीत आहे. कोणाची मोटर विहिरीत सोडायची किंवा काढायची असली आणि त्यानं धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली, की हातातलं काम टाकून जायचं. बोलणं बंद असलं तरी जायचं, दोर ओढायचा आणि न बोलता परत यायचं. त्यामुळं इंद्रभाननं हाक मारली तेव्हा निम्मं शिवार आलं, त्यात त्याच्याशी बोलणारेही दोघेतिघे होते. नारळ फुटला, मोटरीला हळदीकुंकू लागलं, चेनपुलीवरून ती मानानं खाली उतरली. दुपारची लाइन होतीच. इंद्रभाननं स्टार्टरचं हिरवं बटन दाबलं.

विहिरीत घूं झालं. पाइप थरथरला. मग पाइपातून एक कुजबुज सुरू झाली, जशी मांडवात वाढप्यांना उशीर झाला की होते तशी. पाणी काही आलं नाही.

"हवा धरली असन," प्रसेनजित म्हणाला. त्यानं बंद केली, चालू केली, जोडणी तपासली, शाफ्ट कोणत्या अंगानं फिरतो ते पाहिलं. सारं बरोबर होतं. कुजबुज मात्र वाढत गेली.

तेव्हा गर्दीतून भागिरथाकाकू पुढं आल्या. गावातलं एकही लग्न त्यांच्याशिवाय लागत नसे. कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचं, कोणाला आधी टिळा लावायचा आणि कोणाला आधी लावला तर मांडव पेटेल, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या पाइपाला कान लावून बसल्या. बराच वेळ ऐकलं. मग पदर सावरून म्हणाल्या, "हे हवा नाई बाप्पा. हे मानपान चालू आहे."

"काकू, ते स्टील आहे," प्रसेनजित म्हणाला.

"नाव कोनाचं आहे त्याच्यावर?"

"नावं सगळ्याइचे आहेत."

"मंग सगळे आहेत. सांग मले, खाली कोन बसवलं?"

प्रसेनजितनं आठवून पाहिलं. "सगळ्यात खाली जाड ताट लावलं. गोजराबाई होतं त्याच्यावर."

धुऱ्यावर उभ्या असलेल्या बायांनी एकदम तोंडाला पदर लावला.

"इंद्रभान," काकू म्हणाल्या, "तुही सख्खी आत्या. लग्नात पह्यला मान तिचा. तिले तू गाळाच्या तोंडी बसवलं? अन् माथ्यावर कोन?"

"वीरेंद्र."

"नवरीचा मामा. म्हंजे नवरीकडचा मानूस नवरदेवाच्या आत्याच्या डोक्यावर पाय देऊन बसला, अन् तुमी इथं उभं राहून पानी मांगून राह्यले."

प्रसेनजितनं रुमालानं कपाळ पुसलं. "मी साइजनं लावले. जाड खाली, पातळ वर. इंजिनियरिंगमदे तसंच लावतात."

"तुमच्यात कोनी रुसत नाई का?"

"रुसनारे आमच्यातबी हायेत काकू. पन ते मोटरीत नाई बसत."

मोटर वर ओढली. बोलणं नसलेल्यांनी पुन्हा न बोलता दोर ओढला. काकूंच्या सांगण्यावरून गोजरा आत्या माथ्यावर गेल्या आणि वीरेंद्रमामा मधे आले. बटन दाबलं. आता पाणी वर चढू लागलं, चढलं, आणि अर्ध्यात थबकलं. पुन्हा काढून पाहिली तर वीरेंद्रमामाच्या चकतीत पाणी काठोकाठ भरलेलं. प्रसेनजितनं चकती उलटी धरली. पाणी पडेना. झटकली. पाणी पडेना.

"वीरेंद्रमामाच आहे," विजयमाला म्हणाली. "त्याइच्या हातात गेलं ते गेलं."

ललितामावशीच्या चकतीची तऱ्हा वेगळीच. तिच्याकडं आलेलं पाणी ती नुसतं भोवती भोवती फिरवत राहायची, सोडायचीच नाही. ललितामावशी म्हणजे विजयमालाची मावशी. तिला कोणी दळण आणायला निघताना भेटलं, तर त्या घरी त्या दिवशी भातावर भागायचं.

पण सगळ्यात मोठा पेच तळाचा होता. आत्या वर गेल्यावर तळाला जे ताट आलं होतं तेही एका फेरीत रुसलं, म्हणून तिथं दुसरं कोणीतरी हवं. जाऊबाईचं ताट लावलं तर शाफ्ट अडकला. काकाचं लावलं तर मोटरीनं फ्यूज उडवला. साडूचं लावलं तर तो एकटाच उलटा फिरायला लागला आणि वरचे सारे सुलटे, त्यामुळं विहिरीतलं पाणी गढूळ झालं आणि बेडकं काठावर येऊन बसली.

प्रसेनजित एक दिवसभर चिंचेखाली विचार करत बसला आणि ताजातवाना होऊन उठला. "आडवी टाकू," तो म्हणाला. "मोटर आडवीबी चालते. मंग वर कोनी नाई, खाली कोनी नाई. सारे एका रांगेत."

"पंगत म्हंजे," इंद्रभान म्हणाला. त्याला हे पटलं.

मोटर विहिरीच्या तळाशी आडवी टाकली. बटन दाबताच आतून असा कल्ला उठला, की काठावरच्या बेडकांनी कान झाकले. पंगतीचं तोंड कोणत्या अंगाला, पहिलं पान कोणाचं, आणि पाणी आधी कोणाकडं जातं, यावरून जुंपली होती. दोन्हीकडचे एकमेकांकडं पाणी फेकू लागले. मोटर स्वतःभोवतीच गरगरली आणि विहीर अशी घुसळली गेली, की कडेकडेनं पांढरा फेस चढला. शेजारच्या धुऱ्यावरची एक म्हातारी पोळीवर घ्यायला तो वाटीत घेऊन गेली. लोणी नव्हतं, पण मीठ टाकून बरं लागलं म्हणाली.

या साऱ्यात दिवस जात होते आणि बरडावरची कलमं पिवळी होत होती. विजयमाला मोटरीकडं पाहत नसे. ती सकाळी गुंड घेऊन जाई, परत येई, पुन्हा जाई. इंद्रभान तिच्या मागोमाग रिकामा गुंड घेऊन चढायला लागला तर ती म्हणाली, "तुमी पानी पोचवनार होते. गुंडानं तर मी पोचवतोच." तो खाली येऊन, काठावर काढून ठेवलेल्या मोटरीशेजारी बसला आणि तिच्या लांबच लांब अंगाकडं पाहत राहिला. त्याला ती मोटर आता आपल्या लग्नासारखी वाटू लागली होती. किती माणसं मधे, आणि पाणी मोहाच्याही अलीकडं.

बातमी आत्यांच्या गावी, मानोऱ्याला पोचली. गोजरा आत्या तिसऱ्या प्रहरच्या एसटीनं आल्या, जीपनं शिवारापर्यंत आल्या, आणि विहिरीच्या काठावर मोटरीकडं पाठ करून बसल्या.

"मी नाई बोलनार," त्या म्हणाल्या, आणि पुढं बोलायला लागल्या. "मले चिखलात बसवलं म्हनते. मी ह्याले खांद्यावर खेळवलं. मी ह्याचा शेंबूड पुसला. अन् मले बेडकाच्या बाजूले बसवलं."

"आत्या, आता तुमी माथ्यावर आहात," इंद्रभान म्हणाला.

"आधी कुठी होती?"

"आधी..."

"आधीचं आधी पाह्यलं जाते."

त्यांच्यामागून वीरेंद्रमामाही आले, पाण्याची बाटली काखेत घट्ट धरून. ललितामावशी आल्या आणि उतरल्या उतरल्या जीपवाल्याला आपल्या गुडघेदुखीची गोष्ट सांगू लागल्या. तो जीप वळवायचं विसरून गेला. ज्यांची ज्यांची ताटं होती ते सारे काठाला जमले. काकूंनी सरळ विचारलं, "तळाले कोन बसते ते बोला. कोनी नाई बसलं तर मोटर उभी राहत नाई."

मामा म्हणाले, मी नवरीचा मामा, तळाला कसा? आत्या म्हणाल्या, मी बसणार नाही आणि माझ्या घरचं कोणी बसणार नाही. मावशी म्हणाल्या, तळाला ओल असते, आणि ओलीनं काय होतं ते सांगते. प्रत्येकाकडं कारण होतं आणि प्रत्येकाचं कारण लांब होतं.

तेवढ्यात बरडावरून विजयमाला उतरली. तिच्या हातात एक अख्खं पिवळं पान होतं. तिनं ते कोणाला दाखवलं नाही, नुसतं इंद्रभानच्या समोर मातीवर ठेवलं. इंद्रभाननं त्याच्याकडं पाहिलं आणि त्याला विहिरीत उडी टाकावीशी वाटली, पण तिथल्या तळावरूनच तर भांडण होतं.

विजयमालानं प्रसेनजितला विचारलं, "पेटीतले सारे ताटं लागले का?"

"एक राह्यलं वहिनी. त्याच्यावर नावच नाई. चकती करून ठेवली, पन कोनाची म्हनून लावू?"

"नाव नाई म्हंजे ते माहं," वीरेंद्रमामा लगेच म्हणाले. "मी दोन देल्ते. एकावर टाकायचं राह्यलं असन."

"तुमी दोन?" आत्या फिरून बसल्या. पहिल्यांदाच त्यांचं तोंड मोटरीकडं झालं. "तुमच्याकडून दोन ताटं निघाले असते तर त्या दिवशी सूर्य दोनदा उगवला असता. ते माहं आहे."

"ते माहं आहे," विजयमाला म्हणाली.

सारे तिच्याकडं पाहू लागले.

"लग्नाच्या आधी मी कापूस वेचाले जात होतो. त्याच्यातून घेतलं. दुकानवाला म्हने, नाव टाकू का. मी म्हटलं, राहू द्या. एवढ्या पेटीत एक ताट तरी असं पाह्यजे का जे कोनाले परत करा नाई लागत." ती प्रसेनजितकडं वळली. "त्याले लावा तळाले."

इंद्रभान उठला. "तू काहून तळाले? गाळात?"

"मंग वर बसून काय करू? पानी तर मीच भरतो."

मावशींची गुडघेदुखीची गोष्टसुद्धा अर्ध्यात राहिली, आणि जीपवाल्यानं तेवढ्यात जीप वळवून घेतली. इंद्रभानला काहीतरी म्हणायचं होतं. इतकी वर्षं त्या पेटीच्या खाली झोपलो आणि त्यात एक ताट बिननावाचं आहे, हे आपल्याला माहीत नाही, असं काहीतरी. पण त्याच्या हातात दोर आला आणि माणूस दोर ओढताना बोलत नाही.

बिननावाची चकती तळाला बसली. मोटर उभी झाली आणि खाली उतरली. विजयमाला थांबली नाही. रिकामा गुंड काखेत घेऊन ती बरडाकडं चढू लागली. इंद्रभाननं बटन दाबलं.

या वेळी कुजबुज झाली नाही. मग खालून असा नेटाचा आवाज आला, जसा कोणी पदर खोचून कामाला लागतं. पाणी तळाच्या चकतीतून निघालं, काकांकडं गेलं, साडूंकडं गेलं. खालून एवढा रेटा आलेला पाहून कोणाला रुसायला वेळच मिळाला नाही. वीरेंद्रमामांपाशी येऊन ते थबकलं. काठावर उभे असलेले मामाही त्याच क्षणी बाटली अधिक घट्ट धरून उभे राहिले.

"वीरेंद्र," आत्या म्हणाल्या, "सोड आता."

"मी काय धरलं?"

"सोड म्हनते ना. पोरीचे झाडं वाळून राह्यले."

मामांनी इकडंतिकडं पाहिलं, बाटलीचं झाकण उघडलं आणि एक घोट, एकच, चिंचेच्या मुळाशी ओतला. त्याबरोबर पाइपात असा धडाका झाला, की मोहाच्या झाडाखालून पाणी जाताना ते झाड, जे आजवर तिथंच पाणी थांबतं म्हणून निवांत होतं, दचकून अख्खं थरारलं आणि अवेळीच त्याची फुलं गळली. कोणी ती वेचायला थांबलं नाही. इंद्रभान पाइपाच्या बाजूनं पळत होता. पाणी त्याच्या पुढं होतं, तो त्याच्या मागं, आणि तो टेकाडावर पोचला तेव्हा त्याची चप्पल एक खाली, एक वर आणि श्वास दोन्हीकडं नव्हता.

बरडावर पाइपाच्या तोंडून पाणी कोसळत होतं. विजयमालानं गुंड उपडा ठेवून त्यावर बसकण मारली होती आणि पाय पाण्यात सोडले होते. पाणी आळ्याआळ्यातून कलमांकडं चाललं होतं. सरड्यानं शेपटी खाली ठेवली.

इंद्रभान उभा राहिला. "पोचलं," तो म्हणाला.

"दिसून राह्यलं."

"आता सोयाबीनचं..."

"आधी हे पिऊ द्या ह्याइले," ती म्हणाली. मग गुंडावर थोडी सरकली आणि त्याला अर्धी जागा केली.

संध्याकाळी नेमून दिलेल्या वेळेला लाइन गेली. पाणी गेलं नाही. प्रसेनजितनं स्टार्टर तपासला, तो बंद. तार तपासली, मेलेली. तरी पाणी चालूच. बराच वेळ झाला, लोक घरी गेले, दिवेलागण झाली, तेव्हा कुठं धार बारीक झाली आणि थांबली, मग पुन्हा थोडी आली, मग थांबली. भागिरथाकाकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "निघताना दारात उभं राहून बोलून राह्यले. ललिता आहे ना त्याच्यात." तेव्हापासून इंद्रभानच्या मोटरीला बंद झाल्यावरही तेवढा वेळ पाणी येतं आणि त्याचं बिल कोणाला लावायचं हे वीज कंपनीला अजून कळलेलं नाही.

प्रसेनजितचं नाव झालं. मानोऱ्यापासून, वाशिमपासून लोक पोती भरून ताटं घेऊन येऊ लागले. तो अजूनही पाती तशीच मागं वाकवतो, बुश तसेच रबराचे घालतो, पण लेथ चालू करायच्या आधी आता विचारतो, "घरात सध्या कोन रुसलेलं आहे? खरं सांगजा. मोटर लपवत नाई." ज्यांच्याकडं बिननावाचं ताट नसतं त्यांना तो परत पाठवतो. असे फार निघतात.

संत्र्याला फळ धरायला वर्षं लागतात. ती लागली आणि फळ धरलं. पहिला बहार उतरला त्याच महिन्यात मानोऱ्याहून पत्रिका आली. गोजरा आत्यांचा नातू, गोलू, याचं लग्न. आता आत्यांकडून ताट आलेलं, म्हणजे ताट परत करणं आलं, तेवढ्याच वजनाचं. पण तेवढ्या वजनाचं ताट आता बाजारात मिळत नाही आणि आत्यांचं ताट मोटरीच्या माथ्यावर. ते काढलं तर पाणी पुन्हा मोहाखाली.

विजयमालानं टोपलीभर संत्री निवडली, पुसली आणि मांडवात आत्यांपुढं नेऊन ठेवली.

आत्यांनी एक संत्रं उचललं. फिरवलं. दुसरं उचललं, फिरवलं. टोपली हलवून पाहिली.

"याच्यावर नाव कुठी आहे?"

विजयमाला काही बोलायच्या आत इंद्रभानचा फोन वाजला. शेजारच्या धुऱ्यावरचा माणूस होता. चालू मोटरीचं पाणी एकाएकी थांबलं म्हणत होता, आणि पाइपातून काहीतरी कुजबुज येते म्हणत होता. इंद्रभानच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं फोन तसाच कानाला ठेवून आत्यांचा हात धरला, त्यांना पहिल्या पंगतीत पहिल्या पानावर बसवलं, पाट सरळ केला आणि वाढप्याच्या हातातली बुंदीची बादली घेऊन स्वतः वाढू लागला.

"अजून," आत्या म्हणाल्या.

त्यानं अजून वाढली.

विजयमाला शेजारी बसली. तिनं संत्रं सोललं, वरच्या शिरा काढल्या आणि एक फोड आत्यांच्या हातावर ठेवली. आत्यांनी ती तोंडात टाकली. बराच वेळ चावली. डोळे मिटले.

फोनवरचा माणूस म्हणाला, "आलं गा पानी. आधीपेक्षा जोरात आलं."

आत्यांनी डोळे उघडले आणि टोपली हळूच आपल्या पाटाखाली सरकवली.